कंपनीतलं ट्रेनिंग वर्गात घ्यायचं की ऑनलाईन? ठरवायचा क्रम आणि त्यात होणाऱ्या चुका

दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "अरे, आम्ही सगळं ट्रेनिंग ऑनलाईन करतोय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" मी विचारतो शिकवायचं काय आहे, कोणाला, आणि ते लोक आत्ता नक्की काय चुकतायत. पलीकडून उत्तर येतं, "ते बघू नंतर, आधी मार्चच्या आत बजेट संपवायचंय." मग सहा महिन्यांनी त्याच माणसाचा परत फोन, की लोक कोर्स पूर्ण करतात, सर्टिफिकेटं निघतात, पण रिजेक्शन, म्हणजे वाया जाणारा माल, काही हलत नाही. उलटंही बघितलंय. वर्ग भरतो, चहा-समोसा होतो, हजेरीपटावर साठ सह्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच ऑपरेटर त्याच मशीनवर तीच चूक करतो.

दोन्हीकडे घोटाळा एकच. वर्ग की ऑनलाईन हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, तो खरं तर तिसऱ्या-चौथ्या नंबरला यायला पाहिजे. खाली क्रमाने सांगतो. उदाहरण शेवटपर्यंत एकच धरतो म्हणजे गोंधळ नको: ऑटो पार्ट बनवणारं वर्कशॉप, सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारं लेथ), तीन शिफ्टमध्ये मिळून साठ ऑपरेटर, आणि ऑफसेट (माप बरोबर यावं म्हणून मशीनला द्यायचा टूलच्या दुरुस्तीचा आकडा) चुकीचा टाकल्यामुळे जॉब, म्हणजे बनणारे पार्ट, वाया जातायत. तुमचं हॉटेल असेल, हॉस्पिटल असेल नाहीतर पतसंस्था, चुका वेगळ्या असतील पण क्रम हाच लागतो.

## सुरुवातीआधी टेबलावर काय पाहिजे

मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर. एमआयएसमधला (कंपनीच्या कॉम्प्युटर रिपोर्टमधला) गोल चार्ट नको, लाईनवर हाताने भरलेलं असतं ते, कारण खरं कारण तिथे कोपऱ्यात लिहिलेलं असतं. शिफ्टप्रमाणे माणसांची यादी, पुढे प्रत्येकाची भाषा आणि कायम की कॉन्ट्रॅक्ट ते. जो माणूस हे काम सगळ्यात चांगलं करतो त्याचे दोन तास, आणि हा बहुतेक वेळा इंजिनिअर नसतो, बारा-पंधरा वर्षं मशीनवर काढलेला सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा माणूस, असतो. आणि प्रॉडक्शनवाल्यांकडून लेखी, की अमुक दिवशी अमुक माणसं इतका वेळ सोडणार. तोंडी "हो हो, पाठवतो की" याला काही अर्थ नाही, महिनाअखेरीला डिस्पॅच अडकला की पहिला बळी ट्रेनिंगचाच जातो.

तपासा: या चारपैकी एक जरी नसेल तर तारीख ठरवू नका. एक आठवडा उशीर चालेल.

## पायरी १: आधी बघा, हा ट्रेनिंगचा प्रश्न आहे का

ज्याच्याकडून चूक होते त्याला मशीनवर उभं करा आणि म्हणा, "तुझ्या पद्धतीने करून दाखव, मी काही बोलणार नाही." आणि खरंच काही बोलू नका. त्याला बरोबर करता आलं तर त्याला येतंय, म्हणजे अडचण दुसरीकडे आहे आणि कुठलाच कोर्स ती सोडवणार नाही.

माझंच सांगतो. एका कंपनीत असताना बोअर, म्हणजे जॉबचं आतलं भोक, मोठा येतोय म्हणून मी मोजमापावर दोन दिवसांचा वर्ग घेतला, प्रोजेक्टर, सराव, सगळं साग्रसंगीत. नंतर कळलं की बोअर गेज क्वालिटीच्या कपाटात असायचं, किल्ली एका माणसाकडे, आणि तो माणूस जनरल शिफ्टला. सेकंड आणि थर्ड शिफ्टची पोरं व्हर्निअरने बोअर मोजून काम चालवत होती, तेही ज्या व्हर्निअरचं लीस्ट काऊंट (सगळ्यात लहान मोजता येणारं माप) ०.०२ मिमी त्याने दोन शतकांच्या, म्हणजे ०.०२ मिमीच्या, टॉलरन्सचा (चालणाऱ्या फरकाचा) बोअर! त्यांना माहीत होतं हे चूक आहे. मी मात्र दोन दिवस त्यांना शिकवत होतो की बोअर गेजने मोजायचं असतं. एकाने मागच्या बाकावरून विचारलं पण होतं, "सर, गेज देणार का?" मला वाटलं चेष्टा करतोय.

सावधान: "लोकांचा अटिट्यूड बरोबर नाही" असं कोणी म्हणालं की थांबा. दहातल्या सात वेळा मागे लाईट, गेज, ड्रॉइंगची जुनी कॉपी नाहीतर पीस-रेटची घाई निघते. हा माझा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही.

## पायरी २: कामाचे तुकडे करा आणि तीन ढीग लावा

आता समजा खरंच येत नाहीये. मग "ऑफसेट ट्रेनिंग" असं एक मोठं गाठोडं करू नका, सुटं करा. त्या सेटरला घेऊन बसा आणि तो काय काय करतो ते एकेक लिहा. आमच्या उदाहरणात असं निघालं:

ड्रॉइंगवर माप आणि टॉलरन्स वाचणं. मायक्रोमीटरने मोजणं. किती आणि कुठल्या दिशेने बदल करायचा ते ठरवणं. वेअर पेज (टूलच्या झिजेचे ऑफसेट जिथे टाकतात ते मशीनच्या स्क्रीनवरचं पान) उघडून बरोबर टूल नंबरसमोर आकडा टाकणं. पुढचा पहिला जॉब मोजून खात्री करणं. आणि ऑफसेट कधी टाकायचा नाही, इन्सर्टच (टूलचं कापणारं टोक) बदलायचं, हे ओळखणं.

आता प्रत्येकासमोर लिहा, हे डोक्याचं आहे, हाताचं आहे की बोलण्याचं.

डोक्याचं म्हणजे समजून घ्यायचं, हिशोब, नियम. ओडी (बाहेरचा व्यास) २५.०० पाहिजे, आला २५.०३, म्हणजे एक्समध्ये (व्यासाच्या दिशेत) मायनस ०.०३. बोअर ३०.०० पाहिजे, आला २९.९७, तर प्लस ०.०३. ही चिन्हांची भानगड मोबाईलवर मस्त शिकवता येते, उलट वर्गापेक्षा चांगली, कारण माणूस आपल्या वेगाने वीस गणितं करू शकतो आणि चुकलं तर कोणी हसत नाही.

हाताचं म्हणजे हाताने केल्याशिवाय येत नाही. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरवर, आकडा टाईप केला की खाली दोन सॉफ्ट की असतात, नुसतं इनपुट आणि प्लस इनपुट. वेअरमध्ये आधीच मायनस ०.१२ असेल आणि तुम्ही मायनस ०.०३ लिहून प्लस इनपुट दाबलं तर मायनस ०.१५ होतं, जे पाहिजे ते. पण नुसतं इनपुट दाबलं तर जुना आकडा पुसून मायनस ०.०३ बसतं, म्हणजे जॉब कमी व्हायच्या जागी आणखी नऊ शतकं मोठा, २५.१२. गणित बरोबर, बोट चुकलं. हे व्हिडिओत दहा वेळा दाखवा, माणूस "हो कळलं" म्हणेल आणि रात्री अडीच वाजता चुकीचीच की दाबेल.

आगीच्या सिलेंडरचं तसंच. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, आडवं फिरवा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण प्रत्यक्षात घाबरलेला माणूस हँडल घट्ट दाबून धरतो आणि मग पिन ओढतो, ती अडकून बसते, निघतच नाही. दाब ढिला करायचा हे एकदा स्वतःच्या हातांना कळावं लागतं. ते कुठल्याच स्क्रीनवर कळत नाही.

बोलण्याचं म्हणजे ज्यात एकच बरोबर उत्तर नसतं, लोकांनी एकमेकांचं ऐकायला पाहिजे, शंका काढायला पाहिजेत. इन्सर्ट कधी बदलायचं हा आमच्याकडे कायम वादाचा विषय, तो वादच व्हायला पाहिजे, आणि तो वर्गात होतो. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचं ट्रेनिंग हेही याच ढिगात टाका. २०१३ च्या कायद्याने मालकावर कर्मचाऱ्यांसाठी ठराविक काळाने वर्कशॉप आणि जागृतीचे कार्यक्रम घ्यायची जबाबदारी टाकलीये, आणि बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदा वीस मिनिटांची स्लाईड क्लिक करून ते उरकतात. नियम काय, तक्रार कोणाकडे करायची, हे ऑनलाईन सांगा की. पण "हे चेष्टेत धरायचं की नाही" हा प्रश्न लोक माणसासमोरच विचारतात, तोही वर्ग संपल्यावर, दारात उभं राहून.

तपासा: तिन्ही ढिगांत काही ना काही आलं का? सगळं एकाच ढिगात पडलं असेल तर बहुतेक तुम्ही आधीच ठरवून बसला होतात आणि नंतर कागद भरलात.

## पायरी ३: माणसं कोण, फोन कुठला, वेळ कुठला

इथे लोक सगळ्यात जास्त हवेत बोलतात. "आजकाल सगळ्यांकडे स्मार्टफोन आहे." आहे ना. पण शॉप फ्लोअरवर फोन चालत नाही, गेटवर जमा होतो. मग कोर्स करायचा कधी? घरी? म्हणजे बारा तास बाहेर काढून आलेल्या माणसाने रूमवर, चार जणांच्या गोंगाटात, स्वतःचा डेटा जाळून कंपनीचा कोर्स करायचा. असं करू नका. जे कंपनीसाठी शिकायचं ते कंपनीच्या वेळेत. त्यासाठी दोन-तीन टॅब किंवा जुने कॉम्प्युटर, एक शांत कोपरा, हेडफोन, आणि शिफ्ट सुरू व्हायच्या वेळेत पंधरा-वीस मिनिटं. आमच्या इकडे भोसरी-चाकणला बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, तर हौशी एचआर वर्ग बरोबर गुरुवारी ठेवतात आणि मग विचारतात लोक तोंड पाडून का बसलेत.

भाषेचं सांगतो. साठातले पंचवीस मराठवाडा-विदर्भातले, वीस यूपी-बिहारचे, थोडे ओडिशाचे, उरलेले इथलेच. बाजारातले तयार कोर्स बहुतेक इंग्रजीत, काही हिंदीत. मराठीत करायचं तर कृपा करून ऑफसेटला ऑफसेटच म्हणा. एका ठिकाणी एजन्सीने भाषांतर करून दिलं होतं त्यात ऑफसेटचं "विस्थापन" आणि टूलचं "अवजार" झालेलं, ऑपरेटर पोरं आठवडाभर एकमेकांना "विस्थापन टाक रे" म्हणून हसत होती. मशीनच्या स्क्रीनवर जो शब्द दिसतो तोच कोर्समध्ये पाहिजे, बाकीचं वाक्य मराठी.

स्टाफसाठी, म्हणजे इंजिनिअर, क्वालिटी, प्लॅनिंगवाल्यांसाठी, चित्र वेगळं आहे. त्यांच्यासाठी स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाईन शिक्षणाच्या साईटवरचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत, शिकायला फुकट, सर्टिफिकेट पाहिजे तर फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात, दर आठवड्याला असाइनमेंट. लोक उत्साहात बारा आठवड्यांवाला घेतात आणि तिसऱ्या आठवड्यात ऑडिट येतं. पहिल्यांदा करणाऱ्याला चार आठवड्यांचाच द्या, आणि आठवड्यात दोन तास कॅलेंडरवर अडवून द्या, नाहीतर ते होत नाही म्हणजे नाहीच.

सावधान: ज्याला वाचायला जड जातं असा माणूस ते कधीच कबूल करणार नाही. तो "चष्मा विसरलो" म्हणेल. आवाज असलेले छोटे व्हिडिओ ठेवा आणि टेस्टचे प्रश्नही बोलून ऐकवायची सोय करा.

## पायरी ४: पैशाचा हिशोब, पण पूर्ण

ऑनलाईन स्वस्त असतं हे अर्धं खरं आहे. कागदावर मांडून बघा. आकडे माझे मनचे, तुमचे तुम्ही टाका.

वर्ग: ६० माणसं, १५ च्या ४ बॅच, प्रत्येकी दोन तास. बाहेरचा ट्रेनर दिवसाला १२,००० धरा, दोन दिवस, २४,०००. माणसांचे १२० तास, तासाला कंपनीला १२० रुपये पडतात असं धरलं तर १४,४००. आणि त्या वेळात मशीन खरंच बंद राहिली तर मशीन अवर रेट (मशीनचा तासाचा खर्च) ४०० ने ४८,०००. एकूण ८६,४००. यातली शेवटची ओळ कोणीच लिहीत नाही, आणि तीच सगळ्यात मोठी आहे.

ऑनलाईन: ४० मिनिटांचं मटेरियल. सेटर आणि इंजिनिअर मिळून बनवायला ३० तास, ३०० रुपयांनी ९,०००. माणसांचे ४० तास, ४,८००. मशीन बंद, १६,०००. झाले २९,८००. आता इथेच लोक थांबतात आणि साहेबांना स्लाईड दाखवतात. पण हाताचा ढीग राहिलाच की. प्रत्येकाला मशीनवर पंधरा मिनिटं बघायचं म्हणजे बघणाऱ्याचे १५ तास, ४,५००, आणि ऑपरेटरचे १,८००. मशीन चालूच असते म्हणून तिचं काही नाही. एकूण ३६,१००. अजूनही स्वस्तच आहे, पण वर्गवाल्या हिशोबातही मशीनवरची तपासणी नव्हती, ती तिकडेही मिळवा म्हणजे तुलना सरळ होईल.

दोन गोष्टी या आकड्यांत येत नाहीत. कॉन्ट्रॅक्टची माणसं सारखी बदलतात. दर महिन्याला सात-आठ नवीन येत असतील तर त्यांच्यासाठी वर्ग भरत नाही, ती तशीच मशीनवर चढतात, आणि ऑनलाईनचा खरा फायदा तिथे आहे. उलट, जे ड्रॉइंग किंवा प्रोसेस वर्षात तीनदा बदलते त्याचा व्हिडिओ बनवू नका, एक पानाचा फोटोवाला कागद मशीनवर लावा. जुना व्हिडिओ चुकीचं शिकवत राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

## पायरी ५: शिकवायच्या आधी टेस्ट

ही पायरी लोक हमखास खातात. आधी कुठे होतो ते माहीत नसेल तर नंतर फरक पडला हे सांगणार कसं? पाच प्रश्न बस. असा एक: ओडी २५.०० पाहिजे, जॉब आला २५.०३, वेअरमध्ये आधीच मायनस ०.१२ आहे, तू काय टाईप करशील आणि कुठली की दाबशील? उत्तर लिहून घ्या, चार पर्याय देऊ नका. पर्याय दिले की माणूस अंदाज लावतो आणि तुम्हाला वाटतं त्याला येतंय.

ज्यांना पाचही आलं त्यांना कोर्समधून सोडा. सोडाच, घाबरू नका. ज्याला येतंय त्याला परत बसवलं की तो बाकीच्यांचाही मूड घालवतो. त्याला पुढच्या पायरीत शिकवायला घ्या.

तपासा: सगळेच पाच पैकी पाच आले? मग पायरी १ ला परत जा, किल्ली कोणाकडे आहे ते बघा.

## पायरी ६: क्रम लावा, आधी स्क्रीन, मग खोली, मग मशीन

डोक्याचा ढीग आधी, ऑनलाईन. दोन-तीन दिवसांनी बोलण्याचा ढीग, वर्गात. आणि त्याच आठवड्यात हाताचा ढीग, मशीनवर. अंतर वाढलं की पहिलं विसरून जातं. सगळं एकाच दिवशी कोंबलं तरी तेच होतं, दुपारी तीननंतर माणूस नुसता बसलेला असतो.

ऑनलाईन भाग. एका व्हिडिओत एकच गोष्ट, चार-पाच मिनिटं. तुमच्याच मशीनवर, तुमच्याच जॉबवर, तुमच्याच सेटरच्या आवाजात. फोन स्टँडला लावा, हातात धरून शूट करू नका, आणि कूलंट पंप बंद करा नाहीतर नुसता खळखळाट ऐकू येतो. मागे स्टॉक म्युझिक नको. प्रत्येक व्हिडिओनंतर तीन गणितं, चुकलं तर लगेच का चुकलं ते दिसलं पाहिजे. यासाठी महागडं एलएमएस (कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) लागत नाही, साधा ऑनलाईन फॉर्म आणि कंपनीच्या टॅबमधले व्हिडिओ यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. सॉफ्टवेअर नंतर घ्या, तोपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल तुम्हाला काय लागतं.

आणि हो, फसवणूक होणार हे धरूनच चाला. एका ठिकाणी मला रिपोर्ट आला, एका लाईनचे चौदाच्या चौदा जण पास, शाब्बास. वेळा बघितल्या तर सगळे कोर्स एकाच दुपारी एक दहा ते एक पन्नासमध्ये पूर्ण झालेले. आणि सातव्या प्रश्नाचं चौदा जणांचं उत्तर चूक, आणि तेही एकच चूक. लाईन लीडरने सगळ्यांचे पासवर्ड घेऊन जेवणाच्या सुट्टीत स्वतः बसून उरकलं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "सर, शंभर टक्के कम्प्लीशन आज संध्याकाळपर्यंत पाहिजे असा मेल तुमचाच होता." मेल माझाच होता. तेव्हापासून मी कम्प्लीशनचं टार्गेट कोणालाच देत नाही, आणि प्रश्नांतले आकडे दर माणसाला वेगळे येतील असे तीन-चार संच करून ठेवतो.

वर्गाचा भाग. व्हिडिओत जे सांगितलं ते परत सांगायला वर्ग घेऊ नका. लोक दोनदा कंटाळतात. पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत. टेबलावर खरे रिजेक्ट जॉब ठेवा, रजिस्टरमधल्या तारखेसकट, पण कोणाचं नाव न लावता, आणि तिघा-तिघांच्या गटाला एकेक जॉब द्या, "हा असा का झाला असेल, सांगा." मग गप्प बसा. पहिली दोन-तीन मिनिटं कोणी बोलत नाही, फार अवघड वाटतं, ट्रेनर लोक इथेच घाबरून स्वतः बोलायला लागतात. थांबा. कोणीतरी जॉब उचलतो, उजेडाकडे धरतो, नखाने खरवडून बघतो आणि म्हणतो, "अरे हे ऑफसेट नाहीचे, इन्सर्टचं नाक गेलंय." तिथून वर्ग सुरू होतो.

सावधान: मॅनेजरला वर्गात मागे बसू देऊ नका. उद्घाटनाला दोन मिनिटं बोलू द्या आणि चहाला घेऊन जा.

मशीनचा भाग. चार गोष्टी, याच क्रमाने. आधी माणसाला काम काय आणि चुकलं तर काय होतं ते सांगा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग तुम्ही हळू करून दाखवा, कुठली गोष्ट जपायची आणि का, हे बोलत बोलत. मग त्याला करू द्या, आणि तोही बोलत बोलत करेल, "आता मी प्लस इनपुट दाबतोय कारण जुन्यात मिळवायचंय." हे बोलून घेणं फार महत्त्वाचं आहे, नुसतं बघून केलेलं आणि समजून केलेलं यातला फरक तिथेच कळतो. शेवटी त्याला एकटं सोडा, पण अडलं तर कोणाला हाक मारायची ते नावानिशी सांगून. "काही लागलं तर विचार" असं मोघम सांगितलं की कोणी विचारत नाही.

आणि शिकवताना स्वतः हात पुढे करून की दाबू नका. सेटर लोकांना हा फार मोठा आजार असतो, "सरक, मी करतो."

## पायरी ७: आधी एका छोट्या बॅचवर

साठ जणांना एकदम नको. एका शिफ्टचे आठ घ्या. यात हमखास काहीतरी निघतं: टॅबचा आवाज कमी, एका प्रश्नाचं उत्तरच चुकीचं छापलेलं, थर्ड शिफ्टला खोलीची किल्ली मिळत नाही (किल्ल्यांचं आमच्याकडे काय आहे देव जाणे). ते दुरुस्त करून मगच बाकीचे. आणि या आठांत एक जरा तक्रारखोर माणूस मुद्दाम घ्या, तो खरं सांगतो.

## पायरी ८: सातव्या आणि तिसाव्या दिवशी बघा

वर्ग संपल्या संपल्या जो फीडबॅक फॉर्म भरून घेतात त्यातून कळतं की ट्रेनर चांगला बोलतो आणि समोसा गरम होता. ते ठीक आहे, पण ते शिकणं नाही.

सातव्या दिवशी सुपरवायझरने त्या माणसाजवळ पाच मिनिटं उभं राहून एक ऑफसेट टाकताना बघायचं. कागदावर चारच रकाने: मोजलं बरोबर, दिशा बरोबर, की बरोबर, पहिला जॉब परत मोजला. टिक नाहीतर फुली, मार्क नकोत. फुली आली तर तिथेच एकदा करून घ्यायचं, परत वर्गात पाठवायचं नाही. तिसाव्या दिवशी हेच परत, आणि सोबत रजिस्टर काढून आधीच्या महिन्याशी लावून बघायचं. बघताना जॉबची संख्या पण बघा, ऑर्डरच निम्मी झाली असेल तर रिजेक्शन कमी होणारच, त्यात तुमची काही कमाल नाही.

हे सुपरवायझर करेल का? फुकट नाही करणार. त्याला आधीच सामील करून घ्या, पायरी २ च्या यादीवर त्याची सही घ्या, आणि त्याचा तो वेळ पायरी ४ च्या हिशोबात धरा.

तपासा: सातव्या दिवशी बरोबर आणि तिसाव्या दिवशी चूक असं बऱ्याच जणांचं झालं तर कोर्स चुकला नाहीये, सराव मिळाला नाहीये. ज्या मशीनवर महिन्यात एकदाच ऑफसेट लागतो तिथे असं होतं. त्यांना मशीनवर दोन ओळींचं कार्ड लावा.

## पायरी ९: रेकॉर्ड असं ठेवा की ऑडिटरलाही चालेल आणि तुम्हालाही

आयएसओ ९००१ (क्वालिटीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) च्या ७.२ कलमात माणूस काम करायला सक्षम आहे का, आणि त्यासाठी जे केलं त्याचा उपयोग झाला का, याचा पुरावा मागितलाय. हजेरीपट म्हणजे माणूस खोलीत होता याचा पुरावा. ऑनलाईन सर्टिफिकेट म्हणजे कोणीतरी क्लिक केल्याचा पुरावा. पायरी ५ चा कागद, सातव्या आणि तिसाव्या दिवसाचा कागद, हे तीन एका पिनेत लावले की हुशार ऑडिटरही पुढे सरकतो.

स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड लाईनवर लावतात, गोलाचे चार भाग, एकेक भरत जायचा. तो भाग सर्टिफिकेट आल्यावर भरू नका, तिसाव्या दिवसाच्या टिकनंतर भरा. आणि गोलाशेजारी पेन्सिलने तारीख टाका. सहा महिने तो माणूस त्या मशीनवर गेला नसेल तर गोलाचा एक भाग परत पुसायचा, आणि पुसायच्या आधी त्याला सांगायचं, नाहीतर सकाळी बोर्ड बघून तो थेट युनियनच्या ऑफिसात जातो.